हवेलीतले पाणी आणि त्याचे पंच

पुण्याच्या माणसापुढे 'हवेली' हा शब्द उच्चारला की त्याला तालुक्याचे कार्यालय आणि सातबाराचा उतारा आठवतो. जबलपूरच्या जुन्या शेतकऱ्याला तोच शब्द ऐकून गहू आठवतो. शब्दाचे मूळ एकच आहे. मोगली महसूल व्यवस्थेत मुख्य ठाण्याच्या लगतच्या, थेट देखरेखीखालच्या परगण्याला हवेली म्हणत. पुण्याभोवतीच्या परगण्याला ते नाव चिकटले आणि तालुक्याच्या रूपाने टिकले. जबलपूरच्या पश्चिमेस व उत्तरेस, पाटण, शहपुरा, सिहोरा या बाजूंना पसरलेल्या काळ्या सपाट मुलखालाही तेच नाव मिळाले. पण येथे ते हळूहळू मुलखावरून सरकून शेतीच्या एका पद्धतीला लागले. कृषिविषयक लेखनात 'हवेली पद्धत' म्हणून जिचा उल्लेख येतो ती हीच. शेजारच्या नरसिंहपूर आणि दमोह जिल्ह्यांतही ती होती.

सरकारी नोकरीच्या निमित्ताने पाण्याच्या पुष्कळ समित्या मी पाहिल्या. पाणलोट समिती, पाणीवापर संस्था, तलाव समिती अशी नावे बदलत गेली. त्यांच्या अहवालांत बंधारे किती, हेक्टर किती, खर्च किती हे सर्व असते. ज्या दहाबारा माणसांनी बिनपगारी बसून ते काम निभावले, त्यांच्याविषयी एखादे वाक्यही नसते. ही माणसे कोण असतात, त्यांच्या हाती नेमके काय असते आणि काय नसते, हा प्रश्न मला जबलपूरला आल्यावर अधिक नेटाने पडला. कारण येथे अशी एक जागा होती की जिथे समिती नव्हती, दप्तर नव्हते, आणि तरीही पाण्याचे काम पिढ्यानपिढ्या चालले होते.

हवेली पद्धत समजून घेण्यासाठी प्रथम जमीन समजून घ्यावी लागते. ही जड, चिकण, काळी माती आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पाऊस पडला की ती फुगून इतकी चिकट होते की बैल आत घालता येत नाहीत. पाऊस वर्षाला सरासरी १३०० मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला बहुतेक पावसाळ्याच्या चार महिन्यांत. अशा जमिनीत खरिपाचे पीक घेणे जुन्या अवजारांनी फार अवघड होते. येथल्या शेतकऱ्याने अडचणीवर उपाय काढला तो असा : शेताला चारी बाजूंनी मातीचा भक्कम बांध घालायचा, पावसाचे पाणी आषाढापासून आश्विनापर्यंत आत साठवून ठेवायचे, आणि गव्हाच्या पेरणीच्या आधी बांधाला तोंड करून ते सोडून द्यायचे. पाणी निघून गेले, जमिनीला वाफसा आला की पेरणी. त्यानंतर कापणीपर्यंत एकदाही पाणी द्यावे लागत नसे.

या साठलेल्या पाण्याने कितीतरी कामे एकाच वेळी होत. तण कुजून जाई. विशेषतः कांस नावाचे गवत, ज्याच्या मुळ्या खोलवर जातात आणि ज्याने या भागातली गावेच्या गावे पडीक पाडली, त्याचा बंदोबस्त पाणी उभे राहिल्यामुळे होई. (आपल्याकडे कुंदा आणि हरळी यांनी शेतकऱ्याला जेवढे छळले, त्याहून अधिक या कांसाने नर्मदाखोऱ्यातल्या शेतकऱ्याला छळले आहे.) वाहून जाणारी माती शेतातच राही. जमिनीत खोलवर ओल मुरे आणि विहिरींना त्याचा लाभ होई. आज ज्याला आपण भूजल पुनर्भरण म्हणतो आणि ज्यासाठी स्वतंत्र योजना काढतो, ते या पद्धतीत गव्हाच्या लागवडीचे उपफळ होते.

पण खरा प्रश्न पाणी साठवण्याचा नव्हताच. बांध प्रत्येकाचा स्वतःचा होता आणि तो घालायला शेजाऱ्याची परवानगी लागत नव्हती. प्रश्न होता तो पाणी सोडण्याचा. मुलूख सपाट, शेताला शेत लागलेले. वरच्या शेतातले पाणी नाल्याला मिळायचे तर ते खालच्या तीनचार शेतांतूनच जायला हवे. खालच्याने आपले पाणी आधी काढून पेरणी उरकली आणि मागाहून वरच्याने तोंड फोडले, तर खालच्याचे बियाणे बुडाले. खालच्याने वाट अडवून धरली, तर वरच्याची पेरणी लांबली. म्हणून पाणी कोणी, कोणत्या दिवशी, कोणत्या क्रमाने सोडायचे हे एका ओळीतल्या सर्वांना मिळून ठरवावे लागे. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला यात गंमत वाटते ती अशी की येथे सामाईक मालमत्ता म्हणून काहीच नव्हते. जमीन खाजगी, बांध खाजगी, पाणीसुद्धा ज्याच्या त्याच्या शेतावर पडलेले. सामाईक होती ती फक्त तारीख.

ही तारीख ठरवणाऱ्यांना कोणी पद दिले नव्हते. गावातला जाणता शेतकरी, मालगुजाराचा कारभारी, ज्याच्या शेतातून सर्वांत जास्त पाणी जाते तो, अशी माणसे बसत आणि ठरवत. त्यांचे ऐकले जाई, कारण न ऐकणाऱ्याचेच पाणी पुढल्या वर्षी अडणार हे उघड होते.

आता थोडे राजकीय इतिहासाकडे. हा मुलूख गढा-मंडल्याच्या गोंड राजांचा. जबलपुरातले राणीताल, चेरीताल, आधारताल, संग्रामसागर ही तलावांची नावे त्यांच्याच काळाची आठवण देतात. बावन्न ताल-तलैयांचे शहर अशी जबलपूरची ख्याती होती, त्यातले अनेक बुजून आता त्यांवर वस्त्या आहेत. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी हा प्रदेश घेतला, शतकाच्या अखेरीस तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला, आणि डिसेंबर १८१७ मध्ये इंग्रजांनी जबलपूर ताब्यात घेतले. मराठी अंमल तसा थोडक्या वर्षांचा, पण महसुलाच्या दृष्टीने त्याचा परिणाम लांबवर पोचला. गावाचा वसूल ज्याच्याकडून घ्यायचा तो पटेल या अंमलात पुढे आला. इंग्रजांनी १८६० नंतरच्या दशकात जमाबंदी केली तेव्हा याच पटेलांना आणि मक्तेदारांना गावाची मालकी बहाल करून 'मालगुजार' केले. वसुलीचा मध्यस्थ एका फटक्यात मालक झाला. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, राजधानी नागपूर. तेव्हापासून १९५६ पर्यंत जबलपूरच्या शेतकऱ्याचे आणि भंडाऱ्याच्या शेतकऱ्याचे कागद एकाच सचिवालयात जात होते. ही गोष्ट आज दोन्ही राज्यांतले लोक विसरले आहेत.

मग रेल्वे आली. १८६७ मध्ये अलाहाबादकडून आणि १८७० मध्ये मुंबईकडून लोहमार्ग जबलपूरला येऊन मिळाले. हवेलीचा गहू मुंबई बंदरातून युरोपच्या बाजारात जाऊ लागला. गव्हाला भाव आला तसा बांधालाही भाव आला. बांध घातलेल्या शेताची किंमत उघड्या शेताहून अधिक धरली जाई. १८८३ च्या जमीन सुधारणा कर्ज कायद्याने बांधबंदिस्तीसाठी तगाईची सोय झाली. म्हणजे ज्या पद्धतीला आपण आज 'पारंपरिक' असे हळवे नाव देतो, तिचा विस्तार व्यापारी गव्हाच्या तेजीतही झाला. परंपरा आणि बाजार हे नेहमी एकमेकांचे शत्रू असतात असे नाही. तेजीपाठोपाठ आपत्तीही आली : १८९३ नंतर ओळीने काही वर्षे अवेळी पाऊस आणि तांबेरा यांनी गहू बुडाला आणि १८९६-९७ च्या दुष्काळात जबलपूर जिल्हा फार होरपळला.

शासनाने या तारखेच्या रूढीचे काय केले? माझ्या मते एक शहाणपणाची गोष्ट केली : तिच्यात हात घातला नाही, फक्त तिची नोंद ठेवण्याची सोय केली. जमाबंदीच्या वेळी गावोगाव 'वाजिब-उल-अर्ज' नावाचा कागद तयार होई. त्यात गावच्या रूढी लिहिल्या जात. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता १९५९ मध्ये आली, तिच्या कलम २४२ मध्ये हा कागद आजही आहे आणि त्यात सिंचनाच्या व वहिवाटीच्या रूढी नोंदवायच्या असतात. कलम १३१ तर थेट उपयोगाचे. शेतात जाण्याच्या वाटेवरून किंवा पाणी कोठून, कोणत्या मार्गाने घ्यायचे यावरून तंटा झाला, तर तहसीलदाराने जागेवर चौकशी करून, पूर्वीची रूढी आणि सर्वांची सोय पाहून निकाल द्यायचा. पण तहसीलदाराला रूढी कळणार कोणाकडून? गावच्या त्याच चारपाच माणसांकडून. कायद्यात त्यांचे नाव नाही, पण त्यांच्याशिवाय ते कलम चालत नाही.

मालगुजारी १९५१ मध्ये संपली. हवेलीत त्याने पाण्याच्या व्यवहाराला फार धक्का बसला नाही, कारण बांध शेतकऱ्याच्याच मालकीचे होते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे मात्र वेगळे घडले. तिकडे कोहळी समाजाच्या माणसांनी बांधलेले तलाव मालगुजारांच्या नावे होते, ते सरकारजमा झाले. 'माजी मालगुजारी' याचे 'मामा' तलाव असे गोड संक्षिप्त रूप झाले खरे. पण पाणी फुकट घेण्याचा निस्तारातला हक्क आणि सरकारची पाणीपट्टी यांचा वाद वर्षानुवर्षे चालला, आणि गाळ काढायचा कोणी हे अनुत्तरित राहिले. मालक गेला, सरकार आले, आणि मधली देखभाल करणारी माणसे नाहीशी झाली.

हवेलीचा बांध मोडला तो कायद्याने नव्हे, पिकाने. जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाची स्थापना १९६४ ची. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने तेथे सोयाबीनवर काम झाले आणि पुढच्या दोन दशकांत हे पीक मध्य प्रदेशभर पसरले. पावसाळ्यात पडीक राहणाऱ्या काळ्या जमिनीतून आणखी एक पीक, तेही रोकडीचे. शेतकऱ्याने ते का घेऊ नये? त्याच सुमारास ट्रॅक्टर आले, कूपनलिका आल्या, गव्हाचे बुटके वाण आले आणि त्याला पाण्याच्या पाळ्या लागू लागल्या. सोयाबीनला शेतात पाणी उभे राहून चालत नाही. ज्याने ते पेरले त्याने आपला बांध फोडला. मग वरच्या शेजाऱ्याने पाणी साठवून ठेवले आणि अधूनमधून ते पाझरले वा फुटले तर नुकसान या खालच्याचे. आणि खालच्याने साठवले तर वरच्या सोयाबीनचा निचरा होईना. एका ओळीत दोघांनी पीक बदलले की बाकीच्यांना जुनी पद्धत ठेवणे परवडत नसे. कोणी वाईट वागले नाही. प्रत्येकाने आपापल्या हिशेबाने योग्य तेच केले आणि बेरजेत भूजल खाली गेले. अलीकडे बऱ्याच ठिकाणी सोयाबीनची जागा भाताने घेतली आहे. त्यामुळे शेतात पुन्हा पाणी दिसते, पण त्यातले बरेच कूपनलिकेचे असते.

पाणी सोडण्याची तारीख ठरवणाऱ्या त्या निनावी पंचांचे काम अशा रीतीने संपले. आणि ते संपत आले असतानाच सरकारी समित्यांचा काळ सुरू झाला.

१९९४ च्या ऑगस्टमध्ये मध्य प्रदेशात राजीव गांधी पाणलोट अभियान सुरू झाले. त्याच वर्षी हनुमंत राव समितीच्या शिफारशींवरून केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली, ती १ एप्रिल १९९५ पासून लागू झाली. पाचशे हेक्टरांचा एक पाणलोट, हेक्टरी ४००० रुपये, म्हणजे एका गावाला चार वर्षांत सुमारे २० लाख. गावाची समिती दहा ते बारा जणांची : उपभोक्ता गटांचे चारपाच, बचत व स्वयंसहाय्य गटांचे तीनचार, ग्रामपंचायतीचे दोनतीन, आणि पाणलोट विकास चमूचा एक. खाजगी जमिनीवरच्या कामाला लाभार्थ्याने १० टक्के वाटा द्यायचा, सार्वजनिक कामाला ५ टक्के. तो निधी प्रकल्प संपल्यावर दुरुस्तीसाठी राखायचा. कागदावर ही रचना फार विचारपूर्वक केलेली आहे, आणि ज्यांनी ती केली त्यांच्याविषयी मला आदर आहे. २००३ च्या 'हरियाली' तत्त्वांनी काम ग्रामपंचायतींकडे वळवले, २००८ च्या सामायिक तत्त्वांनी ते पुन्हा समितीकडे आणले. मधल्या मध्ये समितीच्या सदस्याला आपण नक्की कोणाचे, हे कळेनासे झाले.

अशा समित्यांच्या बैठकांना मी अनेकदा बसलो आहे. पाटण भागातल्या एका गावची समिती डोळ्यांपुढे ठेवून सांगतो. अध्यक्ष सत्तरीचे, सारा गाव त्यांना कक्काजी म्हणतो. पाणी कोणत्या शेतातून कोणत्या शेतात जाते हे त्यांना तोंडपाठ. सचिव बारावी झालेला तरुण; त्याला थोडे मानधन, आणि त्या मानधनात हजेरीपट, मोजमाप पुस्तक, बँक, तालुक्याच्या फेऱ्या. ढीमर समाजाचा एक सदस्य, जो गावतळ्यात मासे आणि शिंगाडे घेतो; त्याला पाणी माघापर्यंत हवे, आणि तळ्याखालच्या शेतकऱ्यांना ते कार्तिकात हवे. बचत गटाच्या दोन स्त्रिया, ज्यांच्यापैकी एक बैठकीत बोलत नाही आणि दुसरी बोलली की सर्वांना गप्प बसावे लागते. तळे आटले की चारा, जनावरे आणि घरातले पाणी या तिन्हींची ओढाताण तिच्याच वाट्याला येते, त्यामुळे तिचे प्रश्न सर्वांत टोकदार असतात. या लोकांनी चार वर्षांत बांध दुरुस्त केले, दोन नाला-बंधारे बांधले, हिशेब दिला. कामात खोट नव्हती. तरी विहिरींचे पाणी दोन-तीन वर्षे वाढून पुन्हा उतरले, कारण वाढलेले पाणी पाहून नव्या कूपनलिका झाल्या.

त्यावर समिती काय करू शकत होती? काहीही नाही. बांध कोठे घालायचा हे ती ठरवू शके. बांधामागच्या पाण्यावर कोणते पीक घ्यायचे, कूपनलिका किती व्हायच्या, हे ठरवण्याचा तिला अधिकार नव्हता. १९९९ च्या मध्य प्रदेशच्या कायद्याने कालव्याच्या लाभक्षेत्रात निवडून आलेल्या पाणीवापर संस्था झाल्या. बरगी धरणाच्या कालव्याखालीही त्या आहेत. तेथेही मोठ्या प्रमाणात हीच स्थिती. मागणी गोळा करा, चाऱ्या साफ करा, पाणीपट्टीला हातभार लावा. पिकाविषयी बोलू नका.

याउलट आपल्याकडची जी उदाहरणे टिकली ती पाहा. खानदेशातली फड पद्धत घ्या. पांझरा, मोसम या नद्यांवरच्या बंधाऱ्यांखाली काही शतके ती चालली. पाटकरी, जागल्या, हवालदार असे तिचे सेवक होते, गावाचे पंच होते. पण तिचा कणा हा, की एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, आणि फडाफडांतून पिकांचा फेर चालायचा. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७४ पासून पाणी पंचायत उभी केली. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा. आणि ऊस नाही. हिवरे बाजारला पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले. पुढे ग्रामसभेने शेतीसाठी कूपनलिका बंद केल्या, ऊस आणि केळी वर्ज्य केली, आणि पाऊस मोजून पिके ठरवण्याची प्रथा पाडली. तिन्हीकडे लोक यांना पाण्याच्या संस्था म्हणून ओळखतात. मला त्या पिकाच्या संस्था वाटतात. हवेलीचीही तीच गोष्ट होती : सर्वांचा गहू होता म्हणून सर्वांची तारीख एक होऊ शकली.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले तेव्हा आमच्या क्षेत्रात त्यांच्या पुस्तकातले नियम भिंतीवर लावण्याची लाट आली होती. नियम उत्तमच आहेत. पण त्यांतला एक नियम आमच्या कार्यालयांना पचत नाही : लोकांनी स्वतःसाठी केलेले नियम वरच्या सत्तेने मान्य करावेत. आम्ही समितीला नियमावली पाठवतो. तिच्याकडून नियम मागवत नाही. गावात एकमताने 'यंदा उन्हाळी भात नाही' असे ठरले, तर त्या ठरावाला कोणत्याही कागदात जागा नाही, आणि तो मोडणाऱ्याला विचारणारे कोणी नाही. याची दुसरी बाजूही मला दिसते. पीक ठरवण्याचा अधिकार गावातल्या पंचांना दिला तर तो मोठ्या खातेदारांच्याच हातात जाईल ही भीती खोटी नाही. मालगुजाराच्या काळात लहान कुळाला तारीख विचारून ठरवली जात होती असे समजणे भाबडेपणाचे होईल. पाणी पंचायतीने माणशी हक्क ठरवून त्यावर उपाय केला होता. आमच्या योजनांनी समितीत आरक्षित जागा देऊन उपाय केला, पण ज्या समितीला अधिकारच नाही तिच्यातली राखीव जागाही तेवढीच मोलाची.

२०२० पासून मध्य प्रदेशातल्या बुंदेलखंडी जिल्ह्यांत, त्यांत हवेली पद्धतीच्या जुन्या मुलखातल्या दमोहमध्येही, अटल भूजल योजना सुरू झाली. तिच्यात ग्रामपंचायतींनी पाण्याचा ताळेबंद मांडून मागणी कमी करण्याचाही विचार करायचा होता. दिशा मला योग्य वाटली. जबलपूर तिच्यात नव्हते.

जबलपूरच्या पाटण-शहपुरा पट्ट्यात दरम्यान वेगळेच काही होत आहे. येथला हिरवा मटार आता दूरदूरच्या बाजारांत जातो, जिल्ह्याचे विशेष उत्पादन म्हणून सरकारनेही त्यालाच निवडले आहे. लवकर बाजार गाठायचा तर मटारासाठी शेत वेळेवर मोकळे आणि ओलीचे हवे. कक्काजींच्या गावात नाल्याकाठच्या एका ओळीतल्या सात जणांनी खरीप सोडून पुन्हा बांध धरला आहे. पाणी गव्हाच्या वेळेपेक्षा आधी सोडावे लागते, म्हणून जुनी तारीख चालली नाही. ती त्यांनी नव्याने बसवली. सातांपैकी समितीवर एकटे कक्काजी आहेत. मी विचारले की हे समितीच्या ठरावात का घेतले नाही, तर सचिवाने सांगितले की नमुन्यात तसा रकाना नाही. तेव्हा त्या टोकदार प्रश्न विचारणाऱ्या बाईंनी त्याला म्हटले, "रकाना नसेल तर मागच्या कोऱ्या पानावर लिही, पण खालच्या तळ्यात पाणी कोणत्या दिवशी उतरणार ते आम्हांलाही आधी कळू दे." त्याने ते तिथेच पेन्सिलीने लिहून घेतले.